मालनआजीचा गॉगल आणि अकरा टोपल्या तारली

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा, की रविवारची सकाळ आहे, साडेआठ वाजलेत आणि तुम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उभे आहात. पायाखाली ओलं, डोक्यावर घारी, समोर नुकत्याच लागलेल्या बोटी. नाकाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आता डोळे उघडा आणि गर्दीत पाहा. डोक्यावर पदर, पदरावर मुलाची क्रिकेटची टोपी आणि नाकावर भलामोठा काळा गॉगल, अशी एक आजी दिसतेय ना? ती मालनआजी. बंदराच्या फाटकाशी बसून ती गेली तीस वर्षं मासे विकते. आणि तिच्याकडे अभिमानाने बघत उभी आहे ती तिची नात ज्ञानेश्वरी. पाचवीत आहे. त्या दिवशीचा सगळा घोटाळा ज्ञानेश्वरीमुळे झाला आणि तरी तिचं काहीच चुकलं नव्हतं. असंही कधी कधी होतं.

झालं होतं असं. शुक्रवारी ज्ञानेश्वरीच्या शाळेत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी मोतीबिंदूबद्दल सांगितलं. आपल्या डोळ्यात एक छोटं पारदर्शक भिंग असतं, वय झालं की ते हळूहळू गढूळ होतं. "हा पाहुणा बहुतेकांकडे म्हातारपणी येतोच," बाई म्हणाल्या. "आला तर घाबरायचं नाही, शस्त्रक्रियेने बरं वाटतं. पण गाडी पाठवून त्याला लवकर कशाला बोलवायचं?" मग गाडी कशी पाठवली जाते तेही त्यांनी सांगितलं. भर उन्हात उघड्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं काम करणं, तंबाखू, आटोक्यात न ठेवलेली साखर. ज्ञानेश्वरीने ऐकता ऐकता बोटं मोजली. आजी दिवसभर उन्हात बसते. समोर पाणी, ते आरशासारखं चमकतं. आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! आजीने गाडी पाठवलीच होती, वर भाडंही भरलं होतं.

घरी आल्या आल्या तिने आजीला सगळं सांगितलं. आजी जेवायला बसली होती.

"गप गो," आजी म्हणाली. "ऊन काय डोळ्यात जातं? ऊन डोक्यावर पडतं."

"आजी, ताज्या पापलेटाचा डोळा कसा असतो?"

"काचेसारखा. लख्ख."

"आणि शिळ्याचा?"

"दुधाळ. गिऱ्हाईक लांबनंच ओळखतं."

"मग तुझा डोळा तसा होईल. शिळा!"

आजीचा घास हातातच राहिला. तीस वर्षांत तिच्या टोपलीतल्या माशाला कुणी शिळा म्हटलं नव्हतं, आणि ही चिमुरडी थेट तिच्या डोळ्यांनाच शिळं म्हणत होती!

त्याच संध्याकाळी ज्ञानेश्वरीचे बाबा, रूपेश, चष्म्याच्या दुकानात गेले आणि उन्हातले घातक किरण अडवणारा गॉगल नीट चौकशी करून घेऊन आले. एकच गोष्ट राहिली. दुकानात आजीचं नाक नव्हतं, म्हणून त्यांनी गॉगल स्वतःच्या नाकावर घालून पाहिला. रूपेशचं नाक म्हणजे धक्क्यासारखं, वाटेल ती बोट लागावी. आजीचं नाक इवलंसं आणि उतरतं.

"एक दिवस घालीन," आजीने बजावलं. "मिश्री पण एक दिवस बंद. पण ऐकून ठेव ज्ञानू, धंद्यात एवढीशी खोट आली, की गॉगल समुद्रात आणि मिश्री माझ्या तोंडात. मग पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाय."

"आणि खोट नाही आली तर?"

"तर कायमचा घालीन. मिश्री पण सोडीन. मालन शब्दाची पक्की हाय."

आणि म्हणून रविवारी ज्ञानेश्वरी आजीबरोबर बंदरावर आली होती. आजीचे डोळे त्या एका दिवसावर अवलंबून होते.

आता तुम्हाला लिलावाची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बोटीतून मासे उतरले की त्यांचे ढीग लावतात आणि खंडू नावाचा माणूस उलट्या क्रेटवर उभा राहून एकेका ढिगाचा लिलाव पुकारतो. बाकीच्या बाया ओरडून भाव चढवतात. मालनआजी कधीच ओरडायची नाही. तिला माल हवा असला, की ती फक्त उजवी भुवई किंचित वर करायची. भुवई एकदा वर, भाव एकदा वर. मान डोलावली की सौदा पक्का. खंडूला ती भुवई गर्दीतूनही बरोबर दिसायची. आणि खंडूच्या तोंडून एकदा नाव निघालं की माल परत करायचा नाही, हा बंदराचा कायदा.

आजीला त्या दिवशी सुरमई हवी होती. रविवारची गिऱ्हाइकं सुरमईच मागतात. पण पहिला ढीग होता तारलीचा. तारली चवीला झकास, पण बारीक काट्यांची आणि तेलकट. दुपारपर्यंत नाही खपली तर मांजरसुद्धा वास घेऊन पुढे जातं. आजी तिच्याकडे बघतही नव्हती. तिचं लक्ष मागच्या सुरमईकडे होतं. दोन्ही हातांत रिकामी टोपली होती. ऊन चढलं, घाम आला आणि गॉगल नाकावरून सरकायला लागला.

हात मोकळे नसताना गॉगल सरकला तर काय करायचं? करून बघा. नाक मुरडावं लागतं आणि भुवया वर ओढाव्या लागतात.

गॉगलच्या वरून आजीची भुवई उगवली. खंडूने भाव चढवला.

आजीच्या बाजूलाच आवडाबाई उभी होती. आवडाबाई म्हणजे फाटकाशी आजीच्या शेजारी बसणारी आणि तीस वर्षं तिच्याशी चढाओढ करणारी. मालन तारली मागते म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं समजून तिने ओरडून भाव आणखी चढवला. तेवढ्यात गॉगल पुन्हा सरकला. भुवई पुन्हा वर. आवडाबाई पुन्हा ओरडली. गॉगल पुन्हा सरकला.

"आवडाबाई?" खंडूने विचारलं.

आवडाबाईने हात झटकले.

"मालनमावशी!" खंडू ओरडला.

आजीला वाटलं, नवा गॉगल बघून हाक मारतोय. ती खूश झाली आणि तिने ऐटीत मान डोलावली.

"दिली! अकरा टोपल्या तारली, मालनमावशीला!"

"काय?" आजी म्हणाली. तीस वर्षांत लिलावात तिने काढलेला हा पहिला शब्द.

"तुझी भुवई तीनदा वर गेली, मावशी."

"ती गॉगलसाठी गेली रे, मेल्या!"

"मला काय ठावं? भुवईवर कधी लिहिलेलं नसतं, कशासाठी गेली ते."

लोक हसले. पदराची गाठ तारलीतच रिकामी झाली होती, त्यामुळे सुरमई एका चिपळूणच्या व्यापाऱ्याने उचलली. आजीने वळून नातीकडे पाहिलं. काळ्या काचेमागे डोळे दिसत नव्हते, पण ज्ञानेश्वरीला ते बरोबर जाणवले.

"दुपारपर्यंत," आजी एवढंच म्हणाली. "दुपारपर्यंत ही तारली गेली नाय, तर तुझा गॉगल गेला."

फाटकाशी अकरा टोपल्या मांडून आजी बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, दोन पावलांवर थबकलं आणि मागे सरलं.

"डोळे आलेत वाटतं?"

आता आपल्याकडे घरोघर हीच समजूत. बाईमाणसाने काळा चष्मा घातला, की एक तर तिचे डोळे आले असणार, नाहीतर डोळ्याचं ऑपरेशन झालं असणार. कुणी तिच्याकडे बघेना. एका बाईने आपल्या मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवून त्याला पलीकडे नेलं. सगळी गिऱ्हाइकं आवडाबाईकडे वळली. तिने त्या दिवशी ढोमी ही स्वस्तातली मासळी घेतली होती, जी एरवी तिच्या नवऱ्यालाही आवडत नसे.

"मालन, घरी जा गो," आवडाबाई मोठ्याने म्हणाली. "डोळे आल्यावर आराम करावा. मी बघते तुझी गिऱ्हाइकं."

"माझे डोळे नाय आले! हे बघा!" म्हणून आजीने झटकन गॉगल काढला.

इतका वेळ काळ्या काचेमागे आरामात असलेल्या डोळ्यांत लखलखतं ऊन एकदम घुसलं. डोळे बारीक झाले, लाल झाले आणि घळाघळा वाहायला लागले.

"बघा, पाणी पण येतंय," आवडाबाई म्हणाली. उरलंसुरलं गिऱ्हाईकही पांगलं.

ज्ञानेश्वरीला राहवलं नाही. ती उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडली, "डोळे आले नाहीत! मोतीबिंदू लवकर होऊ नये म्हणून घातलाय!"

नेमकं त्याच क्षणी धक्क्यावर एका बोटीचं इंजिन सुरू झालं. पुढचं सगळं त्याने गिळून टाकलं. फाटकाच्या पलीकडे माठ, मुळा आणि लिंबं घेऊन बसलेल्या मथुराकाकूच्या कानापर्यंत फक्त 'मोतीबिंदू'मधली पहिली दोन अक्षरं पोचली.

"मोती?" मथुराकाकू म्हणाली. "मालनला मोती?"

तिच्याकडून ते रिक्षावाल्याकडे गेलं, रिक्षावाल्याकडून चहाच्या टपरीवर. टपरीवर चार डोकी होती आणि चारही चालणारी.

"तरीच! नाहीतर अकरा टोपल्या तारली कोण घेतं?"

"तारलीत मोती सापडतो?"

"समुद्राचं काय सांगावं? आणि काळा चष्मा कशाला घातलाय? आपली नजर कुठल्या माशावर आहे ते कुणाला कळू नये म्हणून!"

मुलांनो, अफवा अशी तयार होते. एक ऐकायचं चुकतं आणि बाकीचं सगळं अगदी तर्काला धरून असतं.

दहा मिनिटांत आजीपुढे गर्दी झाली. आता तिच्या डोळ्यांची कुणालाच भीती वाटत नव्हती. एक म्हणे मला खालची द्या, दुसरा म्हणे मला फुगलेल्या पोटाची द्या. आजीचे हात भराभर चालू लागले.

"साफ करून देऊ?"

"नको! अजिबात नको!"

"पोट तरी काढते."

"पोटाला हात लावू नका, आजी! आहे तशी द्या!"

दुसऱ्यालाही पोटासकट हवी होती. तिसऱ्यालाही. एरवी खवल्याचा एक ठिपका राहिला तरी भांडणारी माणसं आतडी मागत होती. "आज रत्नागिरीला काय झालंय गो?" आजी पुटपुटली. पण टोपल्या रिकाम्या होत होत्या. चार गेल्या, सहा गेल्या, आठ गेल्या. आजीने गॉगल नाकावर वर सारला आणि नातीकडे बघून चक्क हसली. ज्ञानेश्वरीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात हेतल पुढे आली. बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराची नवी सून. मासे घ्यायची तिची ही पहिलीच वेळ. ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आजी, मोतीवाली तारली कशी ओळखायची? डोळ्यावरून का?"

"कसला मोती?"

"तुम्हाला सापडला ना, तो! सगळे त्यासाठीच तर आलेत."

आजीचा हात टोपलीतच थांबला. तिला आतड्यांचं कोडं उलगडलं. समोर तीसेक माणसं, मागे तीन टोपल्या. अजून पंधरा मिनिटं गप्प बसलं की झालं. आजीने एकवार गर्दीकडे पाहिलं, एकवार नातीकडे. पुढची तारली तिने तोलायला घेतली नाही.

ज्ञानेश्वरीने पुन्हा बोटं मोजली. गप्प राहिलं तर तारली संपेल, गॉगल राहील, मिश्री जाईल, आजीचे डोळे वाचतील. बोललं तर सगळंच जाईल. आणि खोटं तिने कुठे सांगितलं होतं? लोकांनीच चुकीचं ऐकलं होतं. पण आजी शिळ्या माशाला कधी ताजा म्हणत नाही, हे तिला माहीत होतं. आणि ज्या माशात मोती नाही त्याला मोत्याचा म्हणून विकणं म्हणजे तरी काय?

ती रिकाम्या टोपलीवर चढली. बोटीचं इंजिन आता बंद होतं.

"ऐका! तारलीत मोती नाही! मी मोतीबिंदू म्हटलं होतं. मो-ती-बिं-दू! डोळ्यातला!"

मग पुढे उभे असलेले एक आजोबा हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "अरे देवा! मोती तर माझ्या दोन्ही डोळ्यांत आहेत. डॉक्टरांनी काढायची तारीखसुद्धा दिलीय. आणि मी आणखी शोधायला आलो!"

सगळं बंदर हसलं. आजी उठून उभी राहिली. "ज्यांना परत द्यायची त्यांनी द्या रे. मालन कुणाला फसवत नाय." दोघांनी परत दिली. बाकीचे म्हणाले, आता घेतलीच आहे तर खाऊ.

हेतलला मात्र वाटेला लागायची घाई नव्हती. तिने विचारलं, "म्हणजे तारली खाल्ली की मोतीबिंदू होत नाही का?"

गर्दी पुन्हा थांबली. आजीने आशेने नातीकडे पाहिलं.

"ते मला माहीत नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तारली चांगलीच असते. पण डॉक्टर म्हणाल्या, हिरव्या पालेभाज्या आणि फळं खा. तंबाखू सोडा. डायबेटिस असेल तर तो आटोक्यात ठेवा. उन्हात टोपी आणि असा गॉगल घाला. आणि डोळे तपासून घेत राहा."

तीसच्या तीस माणसं मथुराकाकूकडे वळली. पाच मिनिटांत तिचा सगळा माठ संपला, मुळाही संपला. ती म्हणत होती, "मी आधीच सांगितलं होतं, मालनला काहीतरी गावलंय!"

आजीपुढे तीन टोपल्या उरल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. आजीने गॉगल काढला, मिटला आणि ती धक्क्याच्या कडेकडे चालायला लागली. ज्ञानेश्वरी मागोमाग गेली. खाली हिरवं पाणी हेलकावत होतं.

"खरं बोललीस ते बरं केलंस," आजी म्हणाली. "पण शब्द तो शब्द." आणि तिने हात वर केला.

"टाक! टाक एकदाचा!" मागून आवडाबाईचा आवाज आला. ती ढोमीची रिकामी टोपली कमरेवर घेऊन धापा टाकत आली होती. "मालन, तुझ्या पाया पडते, पण पुन्हा लिलावात हे थेर आणू नको!"

आजीचा हात वरच राहिला. "तुला काय त्रास गो माझ्या गॉगलचा?"

"काय त्रास? अगं, तू कुठे बघतेस तेच कळत नाय! तीस वर्षं तुझे डोळे बघून मी माल घेते. तुझी नजर जिथे, तिथे माझी बोली. आज मला कळेना, तू तारलीकडे बघतेस की सुरमईकडे. तारलीला बोलले ती तू घेतलीस. सुरमईला गप्प राहिले ती चिपळूणवाला घेऊन गेला. शेवटी ही ढोमी पदरात पडली! आज तुझे डोळे आले म्हणून खपली तरी. रोज कुठे येणारायत तुझे डोळे?"

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते आवडाबाईच्या ध्यानात आलं. तिने तोंडावर पदर धरला. पण उशीर झाला होता.

मालनआजीने वर केलेला हात हळूहळू खाली आणला. गॉगल उघडला. पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि नाकावर चढवला. मग ती आवडाबाईकडे वळली. आता ती नक्की आवडाबाईकडे बघत होती की समुद्राकडे, ते देवालाच ठाऊक.

"उद्या पण घालणार," ती म्हणाली. "परवा पण."

"आजी, म्हणजे धंद्यात खोट नाही ना आली?"

"खोट? तीस वर्षांची खोट आज सापडली गो बाय!" मग आजीचं तोंड जरा कडू झालं. ठरल्याप्रमाणे मिश्री गेली होती. ती कमरेची डबी काढून तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि नातीच्या हातात देऊन मोकळी झाली.

"आणि उरलेली तारली?"

"मीठ लावून वाळत घालू. ऊन जाऊ दे तिच्या डोळ्यांत. तिला आता काय मोतीबिंदू व्हायचाय?"

हसता हसता आजीचा गॉगल पुन्हा सरकला. तिने नाक मुरडलं, भुवई वर ओढली, आणि लांब क्रेटवर बसून चहा पिणारा खंडू दचकून उभा राहिला. "काय घेतेस, मावशी?"

"काय नाय रे! बस तू!"

ज्ञानेश्वरीने मिश्रीची डबी खिशात टाकली. मग तिने आपल्या एका वेणीची लाल रिबीन सोडली, आजीला टोपलीवर बसवलं, गॉगलच्या दोन्ही काड्यांना रिबीन बांधली, ती आजीच्या अंबाड्यामागून घेतली आणि घट्ट, दुहेरी गाठ मारली.